लेकीला हिवाळ्यात साडेपाचशे मैल जायचंय: जुनी जपानी गाडी घ्यावी की अमेरिकी?

थंडीतली_जाई | ३ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉईटजवळ नोव्हायला राहतो. लेक ऑगस्टमध्ये होटनला कॉलेजला जाणार आहे. राज्य तेच, पण अंतर साडेपाचशे मैल. मॅकिनॉचा पूल ओलांडल्यावरसुद्धा चार-पाच तास जंगलातून जायचं. तिकडे एका हिवाळ्यात २०० इंचांच्या वर बर्फ पडतो आणि वाटेत फोनला रेंज नसलेल्या जागा कितीतरी. अशा ठिकाणी गाडी बसली तर पोरीने काय करायचं, या विचाराने मला झोप येत नाही. म्हणून हा धागा.

बजेट १२ हजार डॉलर, म्हणजे सेकंड हँडच. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक जपानी कंपनीची सेडान, २०१४ची, १,२२,००० मैल झालेली. विकणारे ओळखीतले आहेत, म्हणून मॉडेल इथे लिहीत नाही. दुसरी फोर्ड फ्यूजन, २०१७ची, ६८,००० मैल. किमती जवळजवळ सारख्या.

मंडळाच्या कार्यक्रमात किंवा किराणा दुकानात कुणालाही विचारलं की उत्तर ठरलेलं: डोळे झाकून जपानी घ्या. शेजारचे आजोबा डेट्रॉईटच्या एका कारखान्यात ३४ वर्षं काम करून निवृत्त झालेत. ते म्हणतात, तुम्ही लोक अजून १९८० सालची गोष्ट धरून बसलात.

माझा अनुभव दोन्हीकडे वाईट. आमच्या अमेरिकी एसयूव्हीचा गिअरबॉक्स ६१,००० मैलांवर गेला, ४,२०० डॉलर मोजले. बहिणीची जपानी गाडी ८०,००० व्हायच्या आत गिअरबॉक्समुळेच उभी राहिली. कंपन्यांची नावं घेत नाही, एकेका गाडीवरून सगळ्या कंपनीला नावं ठेवणं मला बरोबर वाटत नाही. पण त्यामुळे "डोळे झाकून" हा सल्ला पचत नाही एवढं खरं.

जपानी गाडीचा भरवसा आजही तेवढाच खरा आहे, की जुन्या पुण्याईचे आपण हजार-दोन हजार जास्त देतो?

दोन_लाख_पार | ३ मे, रात्री १०:१५

जाईताई, माझी २००९ची कोरोला आहे. शिकागोच्या थंडीत रस्त्यावर उभी असते. काल २,६८,००० मैल पूर्ण झाले. आजवर बॅटऱ्या, ब्रेक पॅड, एकदा शॉक ॲब्सॉर्बर, एकदा बेल्ट. इंजिन उघडलेलं नाही, गिअरबॉक्स उघडलेला नाही. पहाटे उणे वीसमध्ये किल्ली फिरवली आणि सुरू झाली नाही असं एकदाही घडलेलं नाही. माझ्या मुलाचा जन्म झाला त्या रात्री याच गाडीने आम्ही हॉस्पिटलला गेलो, आणि आता तो याच गाडीवर चालवायला शिकतोय.

जुन्या बाजारातले भाव बघा. जपानी गाडी तेवढ्याच वर्षांची, तेवढ्याच मैलांची असूनही महाग विकली जाते. लाखो लोक स्वतःच्या खिशातले पैसे घालून मत देतायत, ते सगळे चुकत नसतात. कोरोला किंवा सिव्हिक घ्या आणि शांत झोपा.

बोनेटखाली | ३ मे, रात्री ११:०२

कोलंबसला गॅरेजमध्ये १४ वर्षं काम करतोय. माझं मत थोडं वेगळं आहे. देश विचारू नका. इंजिन कोणतं, गिअरबॉक्स कोणता आणि साल कोणतं, एवढं विचारा.

होंडाचं नाव केवढं मोठं, पण १९९९ ते २००४च्या आसपासच्या व्ही-६ ओडिसी आणि अकॉर्डचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इतके गेले की कंपनीला वॉरंटी ७ वर्षं किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवून द्यावी लागली. त्याच अकॉर्डचं चार सिलिंडरचं मॉडेल मॅन्युअल गिअरचं घेतलेल्या माणसाला हे प्रकरण कळलंसुद्धा नसेल. निसानच्या सीव्हीटीचं, म्हणजे ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं, तेच. २००३ ते २०१०च्या मॉडेलांसाठी त्यांनी वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैल केली. गाड्या जपानीच होत्या.

अमेरिकी बाजूला फोर्डचा पॉवरशिफ्ट घ्या. २०११ ते २०१६च्या फिएस्टा आणि २०१२ ते २०१६च्या फोकसमध्ये हा ड्युअल क्लचचा गिअरबॉक्स होता. क्लच कोरडे चालायचे, सीलमधून तेल झिरपून त्यांच्यावर गेलं की गाडी सिग्नलवरून निघताना हुडहुडी भरल्यासारखी थरथरते. प्रकरण कोर्टात गेलं, सामूहिक दाव्यात तडजोड झाली. पण जनरल मोटर्सचं ३.८ लिटरचं जुनं व्ही-६, ज्याला सगळे ३८०० म्हणतात, ते ब्यूकमध्ये अडीच लाख मैल निमूट चालतं. त्याचं इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारी नळकांडी) आणि कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, नळ्यांचे कोपरे प्लॅस्टिकचे, ते तडकतात. ते बदलून घेतले की तळातलं लोखंड तुमच्या नातवापर्यंत टिकेल.

दोन्ही गाड्यांची इंजिनं सांगा, मग बोलू.

थंडीतली_जाई | ४ मे, सकाळी ७:३०

@बोनेटखाली, फ्यूजनची एसई आहे. इंजिन कोणतं ते जाहिरातीत नाही. "चार सिलिंडर" एवढंच लिहिलंय.

बोनेटखाली | ४ मे, दुपारी १२:४८

मग आधी विनमधलं आठवं अक्षर बघा. विन म्हणजे गाडीचा १७ अक्षरांचा नंबर, ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली पट्टीवर असतो. पहिलं अक्षर गाडी कुठे जोडली ते सांगतं: १, ४, ५ असेल तर अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको, आणि इंग्रजी जे असेल तर जपान. आठवं अक्षर इंजिनचं.

फ्यूजन एसईमध्ये आठव्या जागी ७चा आकडा असेल तर २.५ लिटरचं साधं इंजिन, टर्बो नाही. फोर्डकडे माझदाचे ३३ टक्क्यांच्या वर शेअर होते त्या काळातलं, माझदाच्या घराण्यातलं इंजिन आहे हे. टायमिंग चेन आहे, जागा मोकळी आहे, हात जातो. वेगाचं कौतुक कुणी करणार नाही, पण दगा देत नाही.

आठव्या जागी डी असेल तर १.५ लिटर टर्बो. २०१७ ते २०१९च्या गाड्यांतल्या या इंजिनला कूलंटचा त्रास आहे. दोन सिलिंडरांच्या मधे ब्लॉकच्या माथ्यावर कूलंट खेळवायला खाच कापलेली होती. वर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधली गळती रोखणारी पट्टी, बसतं, पण खाचेमुळे त्याला टेकायला जागा उरते अगदी चिंचोळी. काही वर्षांनी तिथून कूलंट सिलिंडरमध्ये उतरतं. सकाळी सुरू करताना गाडी खोकते, मागून पांढरा धूर, टाकीतलं कूलंट कमी होतंय पण खाली डाग नाही. तेव्हा पूर्ण ब्लॉक बदलावा लागतो. नंतर कंपनीने ती खाच काढून आतून भोकं पाडायची पद्धत आणली.

गाडी तीच, कंपनी तीच, सालही तेच असू शकतं. एक डोळे झाकून घ्यावी, दुसरीकडे बघूही नये. आता सांगा, "अमेरिकी गाडी कशी?" याचं उत्तर मी काय देऊ?

दोन_लाख_पार | ४ मे, दुपारी १:२०

मुद्दा पटतो. पण मग असं बघा: कोरोला घेताना मला आठवं अक्षर शोधावं लागलं नाही. सामान्य माणसाला हा अभ्यास न करता चांगली गाडी मिळण्याची शक्यता कुठे जास्त, हाच तर भरवसा.

सहाचा_पाना | ४ मे, रात्री ९:५५

@दोन_लाख_पार यांचा शेवटचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मी गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. पिंपरीत सुरुवात केली, आता ओहायोत १७ वर्षं झाली. माझा गेज, म्हणजे मापं तपासायचं साधन, रोज हातात असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९८०च्या सुमाराचं एक प्रकरण आमच्या धंद्यात अजून शिकवतात. फोर्डचा एक गिअरबॉक्स दोन ठिकाणी बनत होता, ओहायोतल्या बटेव्हियाला आणि जपानमध्ये माझदाकडे. ड्रॉइंग एकच, मापं एकच. पण माझदाकडून आलेल्या गिअरबॉक्सच्या तक्रारी कमी. मग दोन्हीकडचे नमुने उघडून मोजले. बटेव्हियाचे भागही मापाच्या हद्दीतच होते, एकही नापास नव्हता. पण काही हद्दीच्या या टोकाला, काही त्या टोकाला. माझदाचे सगळे मधोमध, एकमेकांना चिकटून. मोजणाऱ्याला आधी वाटलं गेजच बिघडलाय, काटा हलतच नाहीये.

याचा अर्थ समजून घ्या. व्हॉल्व्ह बॉडीचं (गिअरबॉक्समध्ये तेल वळवणाऱ्या भागाचं) भोक हद्दीतलं सगळ्यात मोठं आणि त्यात सरकणारी दांडी, स्पूल, हद्दीतली सगळ्यात बारीक, असे दोन "पास" भाग एकत्र आले की तेलाचा दाब गळतो. गिअर उशिरा पडतो, क्लच घसरतो, तापतो, ६०-७० हजार मैलांत जळतो. कागदावर कुणाचीच चूक नाही. आणि गाडी मात्र रस्त्याच्या कडेला. भरवशाची गाडी म्हणतो तेव्हा हे सगळे भाग मधोमध आलेले असतात.

हे मोजायला जपानला शिकवणारा माणूस अमेरिकी होता. एडवर्ड्स डेमिंग १९५० साली तोक्योला जाऊन इंजिनिअरांपुढे आणि कंपन्यांच्या मुख्य लोकांपुढे संख्याशास्त्रावर बोलले. १९५१पासून जपानमध्ये त्यांच्या नावाचं पारितोषिक दिलं जातं. फोर्डने त्यांना बोलावलं १९८१ साली. मधली तीस वर्षं जपानी कारखाने शिकत होते, आणि इथे गाड्या हातोहात विकल्या जात होत्या म्हणून कुणाला शिकायची गरज वाटली नाही. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं, कारण विद्या घरचीच होती.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं. जनरल मोटर्सचा कारखाना, १९८२ला बंद पडला. गैरहजेरी २० टक्क्यांच्या आसपास, भांडणं, संप. तिथे नियम एकच होता: लाइन थांबवायची नाही. भाग चुकीचा लागला तरी गाडी पुढे सरकू द्यायची, शेवटी अंगणात उभी करून दुरुस्त करायची. १९८४ला तोच कारखाना टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून नूमी या नावाने सुरू केला. कामगार बहुतेक जुनेच, युनियन तीच. त्यांच्यातल्या अनेकांना टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात पाठवून शिकवून आणलं. आणि लाइनच्या कडेने एक दोरी बांधली. काही चुकतंय असं वाटलं की कुणीही ती ओढायची. लगेच दिवा लागतो, सूर वाजतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या अंतरात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. ओढणाऱ्याला कुणी रागवत नाही, उलट आभार मानतात.

थोड्याच काळात त्या कारखान्यातून जपानच्या तोडीच्या गाड्या निघू लागल्या. गैरहजेरी २-३ टक्क्यांवर आली. माणसं अमेरिकी, जमीन अमेरिकी. तेव्हा जपानी गाडीचा भरवसा रक्तात किंवा मातीत असतो असं जे बोललं जातं, ते नूमीने तिथल्या तिथे खोटं ठरवलं. भरवसा त्या दोरीत होता.

दोन_लाख_पार | ४ मे, रात्री १०:३०

फार सुंदर प्रतिसाद. मग जनरल मोटर्सने तीच दोरी बाकी कारखान्यांत का नाही बांधली?

सहाचा_पाना | ५ मे, सकाळी ६:५०

बांधली हो. कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाईजच्या कारखान्यात प्रयत्न केला, कारखाना १९९२ला बंदच झाला. दोरी बांधणं सोपं आहे. ती ओढल्यावर सुपरवायझरने कपाळाला आठी घालायची नाही, हे अवघड. ज्याचा बोनस गाड्यांच्या आकड्यावर ठरतो, तो लाइन थांबू देत नाही. आणि एकटा कारखाना सुधारून भागतही नाही, सीट बनवणारा, वायरिंग बनवणारा, ड्रॉइंग काढणारा, सगळ्यांनी ते ऐकायला हवं. हे पसरायला त्यांना पंधरा-वीस वर्षं लागली. आज माझ्या प्लांटमध्ये अमेरिकी आणि जपानी दोन्ही कंपन्यांचा माल एकाच मशीनवर होतो, आणि तपासणीत दोघंही सारखेच काटेकोर आहेत.

याच नूमीमधून कोरोला निघायची आणि जियो प्रिझम या नावाने तिचीच सख्खी बहीण निघायची. लाइन एक, इंजिन एक. जुन्या बाजारात प्रिझम नेहमी स्वस्त. म्हणजे लोक खिशातले पैसे घालून मत देतात हे खरं, पण ते मत कधी कधी बिल्ल्याला असतं.

जुनी_वाट | ५ मे, दुपारी ३:१०

मी १९७८ला डेट्रॉईटला आलो. तेव्हाच्या अमेरिकी गाड्यांना मैलांचे पाचच आकडे असायचे. ९९,९९९ झाले की सगळे शून्यावर. एक लाखाच्या पुढे गाडी जाईल असं बनवणाऱ्यालाच वाटत नव्हतं, आणि आम्हालाही त्यात काही वावगं दिसत नव्हतं. आज रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वयच बारा वर्षांच्या वर गेलंय. हा बदल जपानी गाड्यांनी घडवला, हे मी डेट्रॉईटचं मीठ खाऊनही मान्य करतो.

पण जपानीही एका दिवसात तिथे पोचले नाहीत. टोयोटाने १९५७ला टोयोपेट क्राउन आणली, ती इथल्या हायवेच्या वेगाला टिकेना, १९६०च्या सुमाराला परत न्यावी लागली. सत्तरच्या दशकातल्या जपानी गाड्यांचे पत्रे इथल्या मिठाने तीन-चार हिवाळ्यांत खाल्लेले मी पाहिलेत. इंजिन ठणठणीत आणि दाराखाली भोक. त्यांनी चूक बघितली, पोलाद बदललं, गॅल्व्हनाइझ केलं. १९८१ला अमेरिकेच्या दबावाखाली जपानने वर्षाला १६ लाख ८० हजार गाड्यांची मर्यादा स्वतःवर घालून घेतली. मग होंडाने १९८२ला ओहायोत मेरिसव्हिलला अकॉर्ड बनवायला सुरुवात केली, टोयोटाने १९८८ला केंटकीत कॅमरी. तेव्हापासून "जपानी गाडी" हा शब्दच सैल झाला.

जाई, एक गोष्ट तुझ्या लेकीला सांग, कारण ती याच गावात वाढली आहे. १९८२च्या जूनमध्ये डेट्रॉईटने वेढलेल्या हायलंड पार्कमध्ये व्हिन्सेंट चिन नावाच्या २७ वर्षांच्या मुलाला बेसबॉलच्या बॅटने जिवे मारलं. तो चिनी वंशाचा होता, लग्न आठवड्यावर आलं होतं. मारणारे दोघं मोटार धंद्यातले, त्यांतल्या एकाची नोकरी गेलेली. त्यांना तो जपानी वाटला. तुरुंगात एक दिवसही न जाता तीन वर्षांचं प्रोबेशन आणि तीन हजार डॉलर दंडावर ते सुटले. त्या काळात आम्ही संध्याकाळी एकटे बाहेर पडत नसू. गाडी कोणत्या देशाची, हा प्रश्न या शहरात कधीच नुसत्या गाडीचा नव्हता.

आता माझी गाडी. २०००ची ब्यूक लेसेबर, तेच ३८०० इंजिन, २,३१,००० मैल. @बोनेटखाली म्हणतात ते प्लॅस्टिकचे कोपरे मी वेळेवर बदलले. दर चार हजार मैलांना ऑइल, आणि हे मी माझ्या हाताने करतो.

तळेगाव_चाकण | ५ मे, रात्री ११:४५ (पुणे)

इथे पुण्यात बसून वाचतोय. आपल्याकडे भरवशाचा अर्थ जरा वेगळा लागतो, म्हणून लिहितो.

टुरिस्टवाल्यांची शेवरोले टॅव्हेरा आठवत असेल. मामांनी कोल्हापूर-पुणे लाइनवर ती चार लाख किलोमीटर चालवली. बिल्ला अमेरिकी, पण गाडी मुळात जपानी इसुझूची, डिझेल इंजिनही इसुझूचं. मिस्त्री तिला अमेरिकी म्हणायचे नाहीत. समोर होत्या क्वालिस आणि २००५पासून इनोव्हा, त्यांचं वेगळं सांगायला नको.

मग २०१७ संपताना जनरल मोटर्सने भारतात गाड्या विकणं थांबवलं. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालत राहिला, २०२०च्या डिसेंबरात तोही थांबला. पुढे ह्युंदाईने घेतला. फोर्डने २०२१ला इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. गाडी कितीही मजबूत असो, दाराचं कुलूप मिळायला तीन आठवडे लागले आणि हात लावणारा मिस्त्री तालुक्यात एकच उरला, की ती घरच्यांच्या नजरेत भरवशाची राहत नाही. जाईताई, होटनला कोणत्या कंपनीचा मेकॅनिक आणि कोणते भाग मिळतात, हे आधी विचारा.

अवांतर: रांजणगावला २०१७पासून जीप कंपास बनते आणि इथून ती जपानलाही गेली आहे.

सहाचा_पाना | ६ मे, सकाळी ७:०५

@तळेगाव_चाकण यांच्या मुद्द्याला +१. भाग आणि मिस्त्री हा भरवशाचा अर्धा हिस्सा आहे.

आजच्या काळाबद्दल दोन गोष्टी राहिल्या होत्या. २०२४ला टोयोटाने सुमारे १,०२,००० टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स परत बोलावल्या. इंजिन बनवताना मशीनिंगचा कीस आत राहिला होता, तो मुख्य बेअरिंगमध्ये जाऊन इंजिन बंद पडू शकतं. २०२५ला जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही-८च्या जवळपास सहा लाख गाड्या परत बोलावल्या. तिथे क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडमध्ये दोष. तपासणीत पास झालेल्या गाड्यांना जाडसर ऑइल घालून द्यायचं ठरलं. दोन्ही मोठ्या, अवघड, जास्त ताकद काढणाऱ्या इंजिनांच्या गोष्टी आहेत. साधं, टर्बो नसलेलं, दहा वर्षं त्याच रूपात बनत आलेलं इंजिन शोधा, मग ते कुणाचंही असो.

आणि लपवाछपवी दोघांनीही केली. जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचमुळे झालेले १२४ मृत्यू भरपाई निधीने मान्य केले. स्विचचा भाग मधेच बदलला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे शोधणाऱ्यांना धागाच सापडेना. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. टोयोटाने आपोआप वेग वाढण्याच्या तक्रारींबद्दल लोकांची दिशाभूल केली म्हणून २०१४ला १२० कोटी डॉलर भरले. टाकाटाच्या एअरबॅग तर दोन्हीकडच्या गाड्यांत होत्या. उष्ण दमट हवेत आतलं अमोनियम नायट्रेट बिघडतं आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडतात. जाईताई, कुठलीही गाडी ठरवायच्या आधी सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर विन टाकून रीकॉल बाकी आहेत का बघा. हे फुकट आहे आणि दोन मिनिटांचं काम आहे.

दोन_लाख_पार | ६ मे, सकाळी ८:४०

हे सगळं वाचूनही मी कोरोलाच घेईन, पण आता कारण वेगळं सांगेन. ते लोक यशस्वी झालेलं इंजिन लवकर बदलत नाहीत, म्हणून. आणि तीन वर्षांच्या गाड्यांच्या तक्रारी मोजणारे जे सर्व्हे येतात, त्यांत फोन जोडला जात नाही ही तक्रार आणि इंजिन बसलं ही तक्रार दोन्ही एकेक धरतात. ब्यूक त्यांत बऱ्याचदा वर असते. बारा वर्षांची गाडी घेणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

थंडीतली_जाई | १९ मे, रात्री ९:१५

मंडळी, दोन आठवड्यांचा वृत्तांत देते.

ओळखीतली जपानी सेडान आधी बघितली. वरून अगदी नवी, रंग चकचकीत, आत एक डाग नाही. १२० डॉलर देऊन मेकॅनिककडे लिफ्टवर चढवली. मी आणि लेक दोघी खाली उभ्या राहिलो. त्याने मागच्या सबफ्रेमवर, म्हणजे चाकांना धरणाऱ्या खालच्या सांगाड्यावर, हातोडीने हलकेच ठोकलं तर पापुद्रे पडले, फरशीवर तपकिरी भुगा झाला. ब्रेकची नळी एका ठिकाणी गंजून फुगली होती. मग दाराखाली, जॅक लावायच्या जागी, त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. जोर न लावता तो आत गेला. लेक एकदम मागे सरकली. गाडी अकरा हिवाळे मिठात फिरली, आणि एकदाही खालून धुतलेली नव्हती. विकणाऱ्यांना हे माहीत नव्हतं. त्यांना मी फोन करून सांगितलं, कारण ते स्वतः रोज त्याच गाडीने मुलांना शाळेत नेतात.

फ्यूजनचा विन बघितला. आठवं अक्षर डी. तिथूनच परत आलो.

आता तिसरी एक सापडली आहे. २०१६ची फ्यूजन, आठव्या जागी ७, ७४,००० मैल, टेनेसीत राहिलेली, किंमत ९,८०० डॉलर. विनचं पहिलं अक्षर ३. म्हणजे नाव अमेरिकी, इंजिन माझदाच्या घराण्यातलं आणि जोडलेली मेक्सिकोत. @बोनेटखाली, काय बघू?

बोनेटखाली | १९ मे, रात्री १०:२०

या सालाला गिअर सिलेक्टरच्या केबलच्या बुशिंगचा (केबल जोडून धरणाऱ्या छोट्या कड्याचा) रीकॉल आहे. बुशिंग झिजून निसटलं तर लीव्हर पार्कवर दिसतो आणि गाडी खरं तर पार्कमध्ये नसते. ते काम झाल्याची पावती मागा. झालेलं नसेल तर फोर्डचा डीलर फुकट करून देईल. तोवर हँडब्रेक लावल्याशिवाय उतरायचं नाही, हे लेकीला आजच सांगा.

गाडी रात्रभर थंड राहिलेली असताना सुरू करून बघा, विकणाऱ्याला आधी गरम करून ठेवू देऊ नका. गिअरबॉक्सचं तेल थोडं काढून पांढऱ्या कागदावर टाका. लालसर तपकिरी चालेल. काळं आणि जळका वास असेल तर सोडून द्या.

थंडीतली_जाई | ८ जून, सकाळी १०:०५

घेतली. बुशिंगची पावती होती. तेल लालसर तपकिरी होतं, तरीही बदलून घेतलं. खालून पत्रा असा होता की मेकॅनिकने दिवा दोनदा फिरवून बघितला. ऑक्टोबरात, मीठ पडायच्या आधी, खालून गंज धरू नये म्हणून लॅनोलिनचं (लोकरीतल्या मेणाचं) तेल मारून घेणार आहे, ते आत्ताच ठरवून आले. उरलेल्या पैशांतून हिवाळ्याचे चार टायर. होटनला फोन करून विचारलं, फोर्डचं काम करणारे तिथे आहेत.

@जुनी_वाट, काका, लेकीला व्हिन्सेंट चिनबद्दल सांगितलं. तिने शाळेत एक ओळ वाचली होती, एवढंच. आम्ही दोघी त्यावर बराच वेळ बोललो.

जुनी_वाट | ८ जून, सकाळी ११:३०

छान केलंस. डिकीत फावडं, जाड घोंगडी, वाळूची पिशवी आणि सुकं खाणं कायम ठेवायला सांग. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि डिपस्टिक बघायला तिची तिला शिकव.

थंडीतली_जाई | ८ जून, रात्री ८:५०

आजच शिकवलं. तिने काढली, पुसली, परत घातली, परत काढली. तेल वरच्या खुणेच्या जरासं खाली. ग्लव्ह बॉक्समध्ये वही ठेवली आहे, तिच्या अक्षरात पहिली ओळ: ८ जून, ७४,२१० मैल, ऑइल ठीक.